प्रखर टॉर्चसाठी सेल कोणता घ्यावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रखर प्रकाश देणाऱ्या टॉर्चमध्ये कोणते रिचार्जेबल सेल घालावेत, याविषयी बरीच पत्रे आमच्याकडे साठली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात सेलवर छापलेल्या एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमधल्या साठ्याच्या) आकड्याची चौकशी आहे. अडचण मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच आकड्यात असते आणि तो अनेक सेलांवर छापलेलाही नसतो : सेल सलग किती अँपिअर देऊ शकतो, हा तो आकडा. ज्या पत्रातून हा मुद्दा नीट उलगडतो ते पहिले घेतले आहे आणि त्याला सर्वांत जास्त जागाही दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे १८६५० आकाराच्या एका सेलवर चालणारी, ४००० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजण्याचे एकक) टॉर्च आहे. तिच्यात मी ३५०० एमएएचचा, संरक्षक सर्किट असलेला सेल घातला. कमी आणि मध्यम प्रकाशात टॉर्च तासन्‌तास चालते, पण टर्बो, म्हणजे सर्वांत प्रखर प्रकाश, लावला की सेकंदभर लख्ख उजेड पडतो आणि टॉर्च बंद होते. सेल बाहेर काढून पुन्हा घातला की ती चालू होते. दोष टॉर्चचा समजायचा की सेलचा?

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोघांपैकी कोणीही बिघडलेले दिसत नाही, दोघांची जोडी मात्र जमलेली नाही. थोडा हिशेब करू. आजचे चांगले एलईडी पूर्ण जोरात चालवले की ढोबळमानाने एका वॉटमागे शंभराच्या आसपास ल्युमेन देतात, म्हणजे ४००० ल्युमेनसाठी सुमारे ४० वॉट लागतात. लिथियम-आयन सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ धरला, तर ४० भागिले ३.६ म्हणजे ११ अँपिअरहून अधिक प्रवाह त्या एकट्या सेलमधून ओढला जातो, आणि टॉर्चच्या ड्रायव्हरमध्ये (एलईडीला जाणारा प्रवाह सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) वाया जाणारी ऊर्जा त्यात मिळवली तर हा आकडा १२–१३ पर्यंत सहज जातो. ३५०० एमएएचचे बहुतेक १८६५० सेल मात्र सलग ८ ते १० अँपिअर देण्यासाठी बनवलेले असतात, आणि त्यांना जोडलेले संरक्षक सर्किट त्याहून थोडा अधिक प्रवाह वाहू लागताच सेलचा संपर्क तोडते. टर्बोची मागणी त्या सर्किटला धोक्याची वाटली आणि त्याने आपले काम केले. सेल काढल्यावर भार सुटला, म्हणून ते पूर्ववत झाले.

ज्या सेलमध्ये साठा जास्त, त्याचा प्रवाह कमी, हे अनेकांना उलटे वाटते. पण सेलच्या आतली रचना पाहिली की ते सहज पटते. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या त्या धातूच्या डबीत (१८६५० या नावातले पहिले चार आकडे म्हणजे हीच मापे आणि शेवटचे शून्य म्हणजे दंडगोल आकार) दोन लांब पट्ट्या मध्ये सच्छिद्र पडदा ठेवून सुरळीसारख्या घट्ट गुंडाळलेल्या असतात. एक पट्टी तांब्याच्या वर्खाची, दुसरी अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाची, आणि दोन्हींवर क्रियाशील द्रव्याचा लेप दिलेला असतो. लेप जाड दिला तर जास्त द्रव्य मावते आणि एमएएच वाढतात. पण त्या जाड थरातून लिथियमच्या आयनांना लांबचा प्रवास करावा लागतो, वर्ख पातळ ठेवावा लागतो, आणि त्यामुळे सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा आतला अडथळा, वाढतो. लेप पातळ आणि पट्टी लांब ठेवली तर प्रवाह मोकळा वाहतो, परंतु त्याच डबीत साठा कमी मावतो. निर्मात्याला या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी थांबावेच लागते. उदाहरणच द्यायचे तर सॅमसंगचा ३०क्यू हा सेल ३००० एमएएच आणि सलग १५ अँपिअरचा आहे, तर त्याच कंपनीचा २५आर हा २५०० एमएएच आणि २० अँपिअरचा आहे. पाचशे एमएएच सोडून पाच अँपिअर मिळवलेले आहेत.

रोधाचा परिणाम किती होतो, हेही आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा, एका सेलचा रोध सर्किटसकट ०.०४ ओहम आहे आणि दुसऱ्याचा ०.०२ ओहम. १२ अँपिअरच्या प्रवाहाला पहिल्या सेलचा व्होल्टेज जवळजवळ अर्ध्या व्होल्टने खाली बसतो, दुसऱ्याचा पाव व्होल्टने. उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते : पहिल्या सेलच्या पोटातच पावणेसहा वॉटच्या आसपास उष्णता निर्माण होते, दुसऱ्यात तीन वॉटहून थोडी कमी. ज्या टॉर्चमध्ये एलईडीला सेलचा प्रवाह जवळजवळ थेट मिळतो, तिचा प्रकाश या बसलेल्या व्होल्टेजमुळे लगेच मंदावतो. ज्या टॉर्चचा ड्रायव्हर व्होल्टेज वाढवून प्रकाश स्थिर ठेवतो, ती मंदावत नाही, पण व्होल्टेज जितका खाली जाईल तितका जास्त प्रवाह ती ओढते आणि सेलवरचा ताण आणखी वाढवते.

तेव्हा आपल्याला सलग किमान १५ अँपिअर देणारा सेल हवा. येथे ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण काही विक्रेते क्षणभराच्या झटक्यात मिळणारा मोठा आकडा ठळक छापतात आणि सलग प्रवाहाचा आकडा सांगतच नाहीत. ३५०० ऐवजी ३००० एमएएच मिळाल्याने नुकसान होईल असे वाटत असेल, तर टर्बोवर टॉर्च मुळात काही मिनिटेच राहते हे ध्यानात घ्यावे. तापल्यावर ती स्वतःच प्रकाश कमी करते. कमी झालेल्या पाचशे एमएएचचा फरक जाणवेल तो मंद प्रकाशावर रात्र काढताना. ज्याला टर्बो क्वचितच लागतो आणि रात्रभर मंद उजेड हवा असतो, त्याने ३५०० एमएएचचाच सेल घ्यावा आणि टर्बो विसरावा, असे मी आनंदाने सांगेन.

राहिला प्रश्न संरक्षक सर्किटचा. जास्त अँपिअर देणारे बरेच सेल सुटे, सर्किटाविना विकले जातात, आणि त्यांची शिफारस सरसकट करायला मी तयार नाही. हे सेल बॅटरी पॅकमध्ये, सर्किटच्या देखरेखीखाली वापरण्यासाठी बनवलेले असतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२१ साली सुटे १८६५० सेल विकत घेऊ नयेत आणि वापरू नयेत, असा स्पष्ट इशारा दिलेला आहे. म्हणून पहिली पसंती टॉर्चच्या निर्मात्याने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या सेलला द्यावी, आणि तो न मिळाल्यास जास्त प्रवाहाचे संरक्षक सर्किट असलेला सेल शोधावा. सर्किटाची चकती ऋण टोकाला बसवलेली असते आणि वरून टोपी असते, त्यामुळे असा सेल ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर भरतो. आपल्या टॉर्चमध्ये तेवढी जागा आहे का आणि तिला उंचवट्याचे धन टोक लागते की सपाट, हे दोन्ही मागवण्यापूर्वी माहितीपत्रकात पाहावे. काही टॉर्चमध्ये सेल उलटा बसला तर संपर्क होऊ नये म्हणून धन बाजूला प्लास्टिकचे कडे ठेवलेले असते, आणि तेथे सपाट टोकाचा सेल सुलट घातला तरी टॉर्च पेटत नाही.

प्रश्न : ९९०० एमएएच असे छापलेले १८६५० सेल मला भेट मिळाले. ते ३५०० एमएएचच्या सेलपेक्षा जवळजवळ तिप्पट चालतील ना?

उत्तर : चालणार नाहीत. १८६५० आकाराच्या बहुतेक सेलांचा प्रत्यक्ष साठा ३५००–३६०० एमएएचच्या आसपास थांबतो, मोजके नवे सेल ४००० च्या आसपास पोहोचतात. त्याहून बराच मोठा आकडा छापलेला असेल, तर तो सेल खोटा आहे असे निःशंक समजावे. जास्त साठा खरोखरच हवा असेल तर २१ मिलिमीटर व्यासाचे आणि ७० मिलिमीटर लांबीचे २१७०० सेल घ्यावेत. त्यांत ५००० एमएएच सर्रास मिळतात. मात्र ते १८६५० च्या टॉर्चमध्ये बसत नाहीत.

अशा सेलची परीक्षा वजनकाट्यावर सहज होते. खरा १८६५० सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. मी स्वतः असा एक ‘९९००’ सेल एका जुन्या, भरवशाच्या सेलशेजारी ठेवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला होता. भरवशाचा ४७ ग्रॅम भरला, आणि दुसरा हातात घेतानाच पोकळ लागत होता, तो ३१ ग्रॅम. साठा मोजणाऱ्या चार्जरवर त्याने हजार एमएएचचा टप्पाही कसाबसा गाठला. एवढ्यावर भागले असते तर तो केवळ पैशांचा प्रश्न होता. पण ज्याने आकडा खोटा छापला त्याने आतला पडदा, सुरक्षा झडप आणि सर्किट यांत प्रामाणिकपणा ठेवला असेल असे मानायला कोणताही आधार नाही. हे सेल प्रखर टॉर्चमध्ये घालू नयेत, कोणाला देऊही नयेत. त्यांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचरा संकलनाकडे सोपवावेत.

प्रश्न : माझी टॉर्च दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे एए आकाराच्या सेलवर चालते. त्याच आकाराचे लिथियम-आयन सेल मिळतात असे कळले. ते घातले तर प्रकाश वाढेल का?

उत्तर : क्षणभर वाढेल आणि बहुधा कायमचा जाईल. आपण म्हणता तो सेल १४५०० या नावाने मिळतो. त्याचा आकार पेन्सिल सेलचा आहे, पण व्होल्टेज ३.७ आहे आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ असतो. दोन सेल एकामागे एक म्हणजे ८.४ व्होल्ट, आपली टॉर्च ३ व्होल्टसाठी बनवलेली आहे. १४५०० चालतो असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असेल तरच, आणि सांगितले असतील तितकेच सेल वापरावेत.

आपल्या टॉर्चसाठी निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल योग्य आहेत. त्यांच्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट छापलेले असतात, म्हणून ते कमजोर असतील अशी शंका पुष्कळ जण घेतात. वस्तुस्थिती उलट आहे. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टवर सुरू होऊन पहिल्या मिनिटापासून उतरू लागतो, आणि दोन अँपिअरच्या ओढीला तर त्याचा व्होल्टेज झपाट्याने कोसळतो. निकेलचा सेल तेवढ्याच ओढीला जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो. शिवाय अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये विसरला की पाझरतो आणि त्याची पांढरी भुकटी स्प्रिंग खाऊन टाकते. पूर्वीचे निकेलचे सेल नुसते ठेवले तरी काही आठवड्यांत उतरत. २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल बाजारात आणल्यापासून चार्ज दीर्घकाळ धरून ठेवणारे सेल मिळू लागले आणि ती अडचणही संपली. अडीअडचणीसाठी कपाटात ठेवायच्या टॉर्चला मी हेच सेल सुचवतो.

प्रश्न : तीन सेल एकामागे एक लावायच्या टॉर्चमधला एक सेल खराब झाला. तेवढाच नवा घालून चालेल का? तिन्ही बदलणे फार वाटते.

उत्तर : तिन्ही बदलावेत. या एका बाबतीत काटकसर करू नये, असे मी कळकळीने सांगतो. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये लावलेल्या सेलांतून एकच प्रवाह वाहतो. जुन्या सेलांत साठा कमी असल्याने ते आधी रिकामे होतात, पण नवा सेल जोरात असल्याने टॉर्च पेटलेलीच राहते आणि तोच प्रवाह रिकाम्या सेलमधून ढकलला जातो. सेलचा व्होल्टेज शून्याच्या खाली, उलट दिशेला जाऊ शकतो. अशा अवस्थेत आतल्या वर्खाचे तांबे विरघळून भलत्या जागी साचते, आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता निर्माण होते आणि वायू तयार होतो. टॉर्चची नळी जलरोधक, म्हणजे दोन्ही बाजूंनी घट्ट बंद असते. सेलने सोडलेल्या वायूला तिच्यातून वाट मिळत नाही, आणि हातातली टॉर्च फुटते ती या दाबाने.

म्हणून अशा टॉर्चसाठी सेल एकाच वेळी, एकाच बनावटीचे घ्यावेत, त्यांच्यावर पक्क्या शाईने ‘अ-१, अ-२, अ-३’ असे क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहावा, ते एकत्रच वापरावेत, एकत्रच चार्ज करावेत आणि एकत्रच निवृत्त करावेत. घालण्यापूर्वी मल्टिमीटरने प्रत्येकाचा व्होल्टेज पाहावा, एकमेकांत ०.०५ व्होल्टहून जास्त फरक असेल तर कारण शोधल्याशिवाय ते घालू नयेत.

सेल शेजारी-शेजारी, समांतर जोडणाऱ्या टॉर्चही असतात. त्यांच्यात हा विशिष्ट धोका नसतो, पण दुसरा असतो. एक सेल ४.२ व्होल्टचा आणि दुसरा ३.४ व्होल्टचा घातला, तर झाकण फिरवताच भरलेला सेल रिकाम्यात ओतू लागतो. मार्गातला एकूण रोध ०.०८ ओहम धरला तर सुरुवातीचा प्रवाह १० अँपिअर होतो, आणि तोही बटण न दाबता. तेथेही सगळे सेल सारखे भरूनच घालावेत.

प्रश्न : एका सेलचे बाहेरचे प्लास्टिक वरच्या कडेला थोडे फाटले आहे. सेल उत्तम चालतो. काळजीचे कारण आहे का? चार्जरविषयीही सांगावे.

उत्तर : फाटले आहे ती जागाच नेमकी नाजूक आहे. सेल उजेडात धरून धन टोक न्याहाळा. मधला गोल धन आहे. त्याच्याभोवती एक बारीक खाच, तिच्यात बहुधा पांढरे किंवा रंगीत कागदी कडे, आणि त्या कड्याच्या बाहेर जी धातूची किनार दिसते ती ऋण. पूर्ण डबी, अगदी त्या किनारीपर्यंत, ऋण टोकाला जोडलेली असते. धन आणि ऋण यांच्यात तेथे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे अंतर आहे आणि त्यांना वेगळे ठेवणारी वस्तू म्हणजे ते कडे आणि हे पातळ प्लास्टिक. फाटलेल्या जागी टॉर्चचे कडे, किल्ली किंवा नाणे टेकले की शॉर्ट सर्किट झालेच. उष्णतेने आकसणारी वेष्टने त्याच मापात सुटी मिळतात. जुने वेष्टन काढून नवे चढवता येते, मात्र कागदी कडे जागेवर राहिले पाहिजे. डबीला पोचा आला असेल किंवा संरक्षक सर्किटची पट्टी उघडी पडली असेल, तर वेष्टन बदलण्याच्या फंदात न पडता सेल बाद करावा. सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत न्यावेत. खिशात सुटे कधीही नेऊ नयेत.

चार्जर असा हवा, की तो आधी स्थिर प्रवाहाने आणि नंतर ४.२ व्होल्टवर स्थिर राहून प्रवाह कमी करत नेईल आणि शेवटी पूर्ण थांबेल. ३००० एमएएचच्या सेलला १ ते १.५ अँपिअरचा वेग पुरेसा आहे. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल दिसायला अगदी असेच असतात, पण ते ३.२ व्होल्टचे असतात आणि सुमारे ३.६५ व्होल्टवर भरतात, त्यांना ४.२ चा चार्जर लावू नये. सेल महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर पूर्ण भरून ठेवू नये, अर्ध्या चार्जवर, ३.७ व्होल्टच्या आसपास, थंड कोरड्या जागी ठेवावा. दोन व्होल्टच्या खाली जाऊन बराच काळ पडून राहिलेला सेल पुन्हा जिवंत करण्याचा प्रयत्न करू नये.

प्रश्न : बर्फाळ भागात रात्रीच्या चढाईला टॉर्च लवकर दम तोडते. सेल बदलू का?

उत्तर : बदलण्याआधी ऊब देऊन पाहा. थंडीत सेलमधला द्रव दाटतो, रोध वाढतो, व्होल्टेज बसतो, आणि टॉर्चला सेल संपल्यासारखा वाटतो. सुटा सेल अंगालगतच्या खिशात ठेवावा आणि अदलाबदल करत राहावी. ‘संपलेला’ सेल गरम झाल्यावर पुन्हा बराच वेळ चालतो. मात्र शून्य अंशाखाली सेल चार्ज करू नये, कारण तेव्हा लिथियम धातूच्या रूपात ऋण पट्टीवर साचते आणि ते नुकसान भरून येत नाही. थंडीतही जास्त अँपिअरचा सेल अधिक उपयोगी पडतो, कारण मुळातच त्याचा रोध कमी असतो.

प्रश्न : विमानाने जाताना असे सेल नेता येतात का?

उत्तर : नेता येतात, पण सुटे सेल सोबतच्या केबिनच्या बॅगेतच. चेक-इन केलेल्या सामानात ते ठेवता येत नाहीत. मर्यादा सामान्यतः एका बॅटरीला १०० वॉट-तासांची आहे, आणि ३.६ व्होल्ट व ३५०० एमएएचच्या सेलची ऊर्जा ३.६ गुणिले ३.५, म्हणजे १२.६ वॉट-तासच भरते. तरीही विमान कंपनीने नगांची संख्या ठरवून दिलेली असू शकते, ती तिकिटाबरोबरच्या सूचनांत पाहावी. प्रत्येक सेल डबीत असावा किंवा त्याची टोके झाकलेली असावीत. टॉर्चमध्ये सेल ठेवूनच न्यायचा असेल, तर मागचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवावे. बहुतेक टॉर्चमध्ये तेवढ्याने संपर्क सुटतो. बॅगेत बटण दाबले जाऊन टर्बो लागला, तर कपड्यांत गुंडाळलेली टॉर्च चटका बसण्याइतकी तापते, म्हणून सैल केल्यावर एकदा बटण दाबून ती पेटत नाही याची खात्री करावी.